खाडीची भरती, हवेची भरती

डोंबिवलीतलं पाचशे चौरस फुटांचं एखादं घर घ्या. सकाळी दहाच्या सुमारास त्या घराच्या डोक्यावर, थेट आकाशाच्या टोकापर्यंत, जेवढी हवा उभी असते, तिच्यातली जवळपास 1400 किलो हवा दुपारी चारपर्यंत निघून गेलेली असते. वादळ नाही, वारा नाही, आकाश निरभ्र. खाली वामकुक्षी चाललेली. रात्री दहा-साडेदहाला गेलेली बरीचशी हवा परत आलेली असते, पहाटे चारला पुन्हा थोडी घटते, आणि सकाळी दहाला पुन्हा भरती. रविवार नाही, सणवार नाही, हा नेम चुकत नाही.

हिशोब सोपा आहे. आपल्याकडे स्वच्छ दिवशी सकाळचा कमाल वायुदाब आणि दुपारचा किमान वायुदाब यांत सुमारे तीन हेक्टोपास्कलचा फरक पडतो. एकूण दाब हजाराच्या आसपास असतो, त्यामुळे तीन म्हणजे किरकोळच वाटतो. पण एक हेक्टोपास्कल म्हणजे दर चौरस मीटरवर साधारण दहा किलोंचा भार. तीनाचे तीस झाले आणि पाचशे चौरस फूट म्हणजे साडेशेहेचाळीस चौरस मीटर. करा गुणाकार. छत कुरकुरत नाही, कारण दाब आतूनही तेवढाच बदलतो. आपल्या कानांनाही पत्ता लागत नाही, कारण हे सगळं सहा तासांत सावकाश होतं.

हवेला भरती-ओहोटी असते, हे शाळेत मला कुणी सांगितलं नव्हतं. पाण्याची तेवढी सांगितली होती. आणि गंमत अशी की ज्या मुलखात आपण राहतो तिथे पाण्याच्या भरतीचं कुतूहल दोन हजार वर्षांचं आहे आणि हवेच्या भरतीचं दोनशे वर्षांचं. दोन्हींच्या नोंदी इथून जवळच झाल्या.

पाण्यापासून सुरुवात करू. कल्याणला गणेशघाटावर किंवा डोंबिवलीच्या मोठागावला जाऊन तासभर उभं राहिलं की कळतं, समोरची उल्हास नदी नुसती नदी नाही. काही तास ती समुद्राकडे जाते आणि काही तास समुद्र तिच्याकडे येतो. चिखलात रुतलेली होडी बघता बघता तरंगायला लागते, कांदळवनाची मुळं बुडतात, आणि वाहत खाली गेलेली निर्माल्याची पिशवी उलटी फिरून परत येते. ठाण्याला तर पाणी दोन बाजूंनी येतं. वसईच्या खाडीतून घोडबंदरच्या अंगाने एक, मुंबई बंदराकडून ऐरोली-कळव्याच्या अंगाने दुसरं. साष्टी बेट आहे ते याच पाण्यामुळे. ठाणे खाडीतले रोहित पक्षीही याच वेळापत्रकावर जगतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की चरायचं, भरती चढली की आजूबाजूच्या पाणथळींवर जाऊन बसायचं. ऐरोलीहून त्यांना बघायला जाणारी होडीसुद्धा भरतीची वेळ पाहूनच सुटते.

कल्याण हे बंदर होतं, त्याचं कारण हेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची समुद्री वाटांची वही लिहिली. तिच्यात सोपाऱ्याच्या पुढे ‘कल्लिएना’ येतं. तिथे पूर्वी रीतसर बाजारपेठ होती, आता राजकारण बिघडलंय, ग्रीक जहाज चुकून तिथे गेलं तर पहाऱ्यात भडोचला नेलं जाण्याची शक्यता आहे, अशी त्यात ताकीद आहे. या वहीचा कर्ता माल आणि भाव यांत रमणारा माणूस. तरीही भडोचजवळच्या भरतीपाशी तो थबकतो. समुद्राचं पाणी गर्जत कसं घुसतं, जहाजं कशी उलथतात, हे तो सविस्तर सांगतो. भूमध्य समुद्रात भरती जेमतेम वीतभर, त्यामुळे हा प्रकार त्याला अचाटच वाटला असणार. त्याच वहीत हिप्पालस नावाच्या तांडेलाचा उल्लेख आहे. बंदरं कुठे आहेत आणि समुद्राची चाल कशी आहे हे नीट पाहून किनारा सोडून थेट भर समुद्रातून हिंदुस्थान गाठायची वाट त्याने शोधली, असं त्यात म्हटलंय. अरबांना आणि आपल्या दर्यावर्दींना ते वारे आधीपासून ठाऊक होते, ही गोष्ट वेगळी. श्रेय बहुधा लिहून ठेवणाऱ्याच्या नावे जमा होतं.

दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादचा अल मसूदी या किनाऱ्यावर आला. चौलला तो राहिला, ठाणे आणि सोपारा यांची नावं त्याच्या ग्रंथात आहेत. खंबायतच्या आखातात ओहोटीला मैलोनमैल वाळू उघडी पडते आणि भरती इतक्या वेगाने येते की वाळूवरचं कुत्रं जीव खाऊन किनाऱ्याकडे धावलं तरी पाण्याने त्याला गाठलं, असं त्याने लिहून ठेवलंय. पुढे भरती का येते यावर निरनिराळ्या लोकांची मतंही तो मांडतो. कुत्र्यावरून कारणाकडे जाणारा असा माणूस मला फार आवडतो.

इथल्या कोळ्यांना कारणाची घाई नव्हती, वेळ हवी होती. ती त्यांनी तिथीवरून काढली. किनाऱ्यावर आजही सांगतात तो आडाखा असा: तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. आज चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पक्ष कुठलाही असो, शुद्ध किंवा वद्य, हिशोब तोच. भरती दिवसातून दोनदा येते, त्यामुळे दुपारचे तीन धरा नाहीतर पहाटेचे, मागेपुढे थोडंच होईल.

हा आडाखा इतका चांगला का चालतो हे बघण्यासारखं आहे. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबर दुपारी बाराच्या सुमारास डोक्यावर येतो. पौर्णिमेला मध्यरात्री. म्हणजे पंधरा तिथ्यांत तो बारा तास मागे पडतो. बारा तास भागिले पंधरा, एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. कोळ्यांचा पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. चूक तिथीमागे तीन मिनिटांची, आणि ती पक्षभर साठली तरी पौर्णिमेला पाऊण तासापलीकडे जात नाही. पुढल्या प्रतिपदेला गणित पुन्हा एकापासून सुरू होतं, साठलेली चूक पुसली जाते! मुंबई बंदरात अमावास्या-पौर्णिमेची भरती बाराच्या आसपास येते, हा योगायोग त्यांच्या पथ्यावर पडला. दुसऱ्या बंदरात हीच पाऊणकी चालणार नाही. ठाणे-कल्याणलाही ती जशीच्या तशी लावू नये, कारण खाडीतून जितकं आत यावं तितकी भरती उशिरा पोचते. उधाण कधी आणि भांग कधी, हेही त्याच तिथीत बसलेलं असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे लहान. मुसळधार पाऊस आणि उधाण यांची गाठ पडली की नाल्यांची तोंडं बंद होतात आणि शहरात पाणी का तुंबतं, ते सांगायला नको.

आता हवेकडे वळू. जेम्स हॉर्सबर्ग हा ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातला एक स्कॉटिश दर्यावर्दी. पुढे कंपनीचा जलआलेखक झाला, त्याचं नौकानयनाचं पुस्तक जहाजाजहाजावर असायचं. 1802 ते 1804 या काळात त्याने पूर्वेच्या समुद्रांत फिरताना जहाजावर बॅरोमीटर बाळगले आणि दिवसातून अनेकदा पारा पाहण्याचा सपाटा लावला. तेव्हा बॅरोमीटर वादळाची चाहूल घेण्याचं यंत्र समजलं जाई. पारा उतरला की शिडं आवरा. पण उष्ण कटिबंधात शिरलं की पारा भलत्याच गोष्टी करायला लागे. वादळ नसतानाही तो सकाळी चढायचा, दुपारी चारला उतरायचा, रात्री पुन्हा चढायचा, पहाटे उतरायचा. मुंबईहून त्याने हे सारं हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाला कळवलं आणि 1805 साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. त्याच्या थोडं आधी हंबोल्ट या जर्मन संशोधकाला दक्षिण अमेरिकेत हेच दिसलं होतं. पारा इतका नेमाने हलतो की घड्याळासारखा वापरता येईल, असं त्याचं म्हणणं.

हॉर्सबर्गला एका गोष्टीने कोड्यात टाकलं. भर समुद्रात स्पष्ट दिसणारी ही लय बंदरात आलं की मंदावते, असं त्याला वाटलं. जमीन हवेला अडवते की काय? दोनचार जणांच्या दोनचार महिन्यांच्या टिपणांनी याचं उत्तर मिळणार नव्हतं. एका जागी ठाण मांडून, रात्र असो की दिवस, दर तासाला पारा वाचणारी माणसं हवी होती.

ती कुलाब्याला मिळाली. कुलाब्याची वेधशाळा 1826 सालची. जहाजांना अचूक वेळ आणि ग्रहताऱ्यांचे वेध हा मूळ हेतू. 1841 पासून तिथे चुंबकत्वाच्या आणि हवामानाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार तिथले प्रमुख, आणि त्यांच्या हाताखाली एक तरुण, अलिबागजवळच्या नागावचा केरो लक्ष्मण छत्रे. पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक म्हणून गाजलेले, टिळकांचे गुरू केरूनाना ते हेच. छापील खंडांत या वेधशाळेच्या नोंदी तासातासाच्या आहेत. पानामागून पान नुसते आकडे. पहाटे तीनचा आकडा आहे, याचा अर्थ पहाटे तीनला कुणीतरी दिवा घेऊन उठलं होतं, पाऱ्याच्या कडेशी डोळा समतल धरून दशांश वाचला होता आणि झोपाळू हाताने लिहिला होता. या खंडांवर साहेबांची नावं ठळक असतात. रात्रपाळी कुणाची होती हे मात्र पानं सांगत नाहीत. केरूनानांनी पुढे हवा आणि भरती-ओहोटी या दोन्ही विषयांवर मराठीत लिहिलं, तेव्हा त्यांच्या गाठीला ही कुलाब्याची जागरणं होती.

त्या आकड्यांत जमिनीवरही दुहेरी लाट लख्ख दिसते. जमीन काही अडवत नाही. फक्त आपल्याकडे पावसाळ्यात या लाटेचे झोके लहान होतात.

त्याच काळातला आणखी एक अवलिया म्हणजे डॉ. जॉर्ज ब्यूइस्ट. ‘बॉम्बे टाइम्स’चा संपादक, मुंबईच्या जिऑग्राफिकल सोसायटीचा चिटणीस, आणि काही काळ कुलाबा वेधशाळेचा कारभारीसुद्धा. वर्तमानपत्र काढून उरलेल्या वेळात हा माणूस वारा, गारपीट, समुद्र यांवर लिहीत सुटायचा. अमेरिकेच्या आरमारातल्या मॅथ्यू मॉरीने 1855 मध्ये समुद्राच्या भूगोलावर जे गाजलेलं पुस्तक लिहिलं, त्यात मुंबईच्या या ब्यूइस्टचे उतारे आहेत. मॉरीची युक्ती साधी होती: हजारो जहाजांच्या रोजनिश्या गोळा करायच्या आणि कुठे, कधी, किती वारा आणि किती प्रवाह, एवढंच त्यांतून नकाशावर उतरवायचं. त्याच्याआधी बंगालचा सर्व्हेअर जनरल राहिलेल्या जेम्स रेनेलने म्हातारपणी लंडनला बसून अटलांटिकच्या प्रवाहांसाठी हेच केलं होतं. त्याचा ग्रंथ 1832 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर निघाला.

अरबी समुद्र मात्र या नकाशेवाल्यांना दमवणारा. अटलांटिकमधला गल्फ स्ट्रीम बाराही महिने एकाच दिशेने वाहतो. आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह वर्षातून दोनदा तोंड फिरवतो. पावसाळ्यात तो दक्षिणेकडे जातो, हिवाळ्यात उत्तरेकडे. पावसाळ्यातलं समजू शकतं, वारा ढकलतो. पण हिवाळ्यात कोकणपट्टीवरचा वारा उत्तरेकडून असताना पाणी त्याच्या विरुद्ध कसं जातं? दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 नंतरच्या वर्षांत यावर काम केलं, आणि पुढे जे चित्र उलगडलं ते असं की या ढकलण्यातला मोठा हात इथल्या वाऱ्याचा नाहीच. बंगालच्या उपसागरावर वाहणारे वारे तिथल्या किनाऱ्याशी पाण्यात लांबलचक लहरी उठवतात. त्या किनारा धरून श्रीलंकेला वळसा घालतात आणि आपल्या बाजूने वर चढत येतात. ओडिशाच्या समोर वारा सुटतो आणि काही आठवड्यांनी परिणाम रत्नागिरीच्या समोर दिसतो. एकोणिसाव्या शतकातल्या लॉर्ड केल्विन या शास्त्रज्ञाच्या नावावरून या लहरींना केल्विन लहरी म्हणतात.

हाच केल्विन आपल्या दोन्ही भरत्यांच्या गोष्टीतही आहे. पाण्याच्या भरतीचं भाकीत करणारं दात्यांचं आणि कप्प्यांचं यंत्र त्याच्या कल्पनेतून 1872 च्या सुमारास उभं राहिलं, आणि त्या धर्तीचं एक खास यंत्र 1879 मध्ये हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी घडवलं गेलं. मुंबईच्या अपोलो बंदरावर 1878 पासून भरतीमापक चालू होता, त्या नोंदी अशा यंत्राच्या पोटात जायच्या. हवेच्या भरतीने मात्र केल्विनलाही घोळात घेतलं. सूर्य दिवसातून एकदाच तापतो. मग हवा दोनदा का फुगते? पाण्यात दोनदा भरती येते ती चंद्राच्या ओढीने. पण चंद्राने हवा ओढली असती, तर तिचीही वेळ रोज पाऊण तासाने सरकली असती. ती तर घड्याळाच्या दहाला चिकटून बसलीय. म्हणजे मालक सूर्य. (चंद्राचीही भरती हवेत आहे, सेंट हेलेना बेटावरच्या नोंदींतून ती 1847 मध्ये सापडली, पण ती एक दशांश हेक्टोपास्कलसुद्धा नाही.) केल्विनने तर्क केला की वातावरणाचा स्वतःचा नैसर्गिक झोका बारा तासांचा असावा, म्हणून सूर्याचा तेवढाच धक्का त्याला मानवतो. कल्पना मोहक होती आणि दीर्घकाळ टिकलीही. नंतर ती चुकीची निघाली.

उत्तर 1960 च्या दशकात लागलं, आणि ते जमिनीवर नव्हतंच. सूर्याचा अतिनील प्रकाश तीस-पन्नास किलोमीटर उंचीवरचा ओझोन शोषतो आणि तिथली हवा तापते. खाली बाष्पही थोडी उष्णता शोषतं. ही तापण्याची क्रिया दिवसा चढते-उतरते आणि रात्री सपशेल शून्य असते. अशी अर्धवट लाट गणिताने फोडली तर तिच्यात चोवीस तासांचा एक भाग निघतो आणि बारा तासांचा एक. चोवीस तासांचा जो भाग आहे, तो खाली येताना आपल्याच आपल्यात बराचसा विरून जातो. बारा तासांचा थेट जमिनीपर्यंत शाबूत उतरतो. डोंबिवलीच्या छतावरची ती हवा हलवणारा हात असा इतक्या उंचावर आहे.

आणि ही लाट सूर्यामागे पृथ्वीभर पळत असते. आपल्या अक्षांशावर तिचा वेग ताशी सुमारे 1580 किलोमीटर. डोंबिवलीहून ठाणं ती अर्ध्या मिनिटात गाठते. स्लो लोकलवाल्यांनी मनाला लावून घेऊ नये.

केल्विनने 1882 मध्ये याच्याही पुढचं पाहिलं. हवेचा फुगवटा सकाळी दहाला असतो, म्हणजे भर दुपारच्या रेषेच्या थोडा पश्चिमेला. सूर्य त्या फुगवट्याला आपल्याकडे, म्हणजे पूर्वेकडे ओढतो. पृथ्वी फिरते तीही पूर्वेकडेच. म्हणजे हवेची भरती पृथ्वीच्या फिरण्याला किंचित पुढे रेटते! पाण्याची भरती उलटं करते, ती पृथ्वीला ब्रेक लावते, आणि तिचा जोर कितीतरी जास्त असल्यामुळे दिवस शतकामागे साधारण दोन मिलिसेकंदांनी लांबत चाललाय. एकाच गिरकीवर पाणी आणि हवा असे विरुद्ध बाजूंनी ओढताहेत.

कुलाब्याच्या चुंबकीय वेधांचं पुढे काय झालं, तेही सांगतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, त्या विजेने चुंबकसुया बहकल्या असत्या. तेव्हाचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी ते वेध 1904 मध्ये अलिबागला हलवले. केरूनानांच्या नागावपासून हाकेच्या अंतरावर! हवामानाच्या नोंदी कुलाब्यात चालूच राहिल्या.

हवामान खात्याच्या लोकांना हवेची भरती आजही रोज वजा करावी लागते. दुपारी चारला दाब तीनने उतरलेला दिसला म्हणून कुणी धास्तावत नाही, तो उतरणारच. म्हणून दाबाची तुलना करताना कालच्या याच वेळेचा आकडा घेतात. आज चारला काल चारपेक्षा दाब बराच कमी असेल, तर काहीतरी शिजतंय. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेने वर गेलं, अशा दिवशी दाबाची घसरण नेहमीच्या झोक्याला गिळून टाकते. एरवी झोका आपला चालू.

बऱ्याच मोबाइलमध्ये हल्ली दाबमापक असतो, आकडा दाखवणारी ॲप फुकट मिळतात. बघायचं तर डिसेंबर ते एप्रिलमधला स्वच्छ दिवस निवडा. सकाळी साडेदहा, दुपारी साडेचार, रात्री साडेदहा आणि जाग आली तर पहाटे साडेचार. अर्धा तास जादा धरायचं कारण असं की आपलं घड्याळ प्रयागराजजवळच्या रेखांशाचं आहे आणि ठाण्याचा सूर्य त्याच्यामागे अडतीस मिनिटं असतो. मोबाइल प्रत्येक वेळी एकाच खोलीत, एकाच टेबलावर असला पाहिजे. कारण नऊएक मीटर वर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, आणि घोडबंदरच्या एखाद्या टॉवरमध्ये लिफ्टने आठ-नऊ मजले चढलात तर सबंध दिवसाची ओहोटी अर्ध्या मिनिटात उरकते.